डार्करूममधली हवा

५ जानेवारी

ठिणगी आज आली. दोन बॅगा, टेम्पोतून एक लोखंडी कपाट आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांत रोपंच रोपं. आफ्रिकन व्हायोलेट म्हणतात त्यांना. कपाएवढी कुंडी, केसाळ जाड पानं, मधोमध फुलांचा झुबका. त्यातलं एक खोकं तिने सगळा प्रवास मांडीवर धरलं होतं म्हणे. माझी कॅमेऱ्याची पिशवी सांभाळायला दिली की हीच मुलगी तिच्यावर बसायची.

नाव तिचं वेगळं आहे. पण लहान असताना, मी आत फिल्म धूत होतो तेव्हा तिने डार्करूमचं दार सताड उघडलं आणि उजेड लागून कोणाचं तरी अख्खं लग्न वाया घालवलं. तेव्हापासून ती ठिणगी. आता पस्तिशी आली तरी नाव टिकून आहे, स्वभावही.

सहा महिन्यांची बिनपगारी रजा घेतली आहे. मी हिला बाजूला घेऊन विचारलं, "रजेवर येणारं माणूस कपाट घेऊन येतं का?" ही म्हणाली, "तिला आपल्या कपाटाशिवाय सुचत नाही, लहानपणापासून." लहानपणी तिचे सगळे कपडे खुर्चीवर असायचे. पण बायकोशी वाद घालायचा तो जेवणानंतर, असा माझा नियम आहे, आणि जेवणानंतर मला झोप येते.

ठिणगीचा बेत असा. चौकापलीकडे नवं ग्रंथालय उभं राहतंय. तिथल्या ग्रंथपालबाईंना खिडक्याखिडक्यांत फुललेल्या कुंड्या हव्यात. फुलं ओसरली की जुन्या परत आणायच्या, नव्या ठेवायच्या. बाई जूनमध्ये स्वतः येऊन रोपं बघणार. पसंत पडली तर ठिणगी इथेच राहून हा उद्योग करणार. नाही पडली तर रजा संपली की परत त्या दूरच्या शहरात, त्या ऑफिसात.

मी म्हटलं, "पक्की नोकरी सोडायचा विचारसुद्धा करू नकोस." बापाने तसंच म्हणायला हवं. मनातलं इथे लिहितो, कारण ही डायरी कोणी वाचत नाही. ती आल्यापासून घरात माणसं असल्यासारखं वाटतंय आणि मला ते जूननंतरही हवं आहे.

६ जानेवारी

तिला डार्करूम हवी आहे.

आमच्या घरात पुढे स्टुडिओ, मागे राहायच्या खोल्या आणि मध्ये डार्करूम. तिला खिडकी नाही. बोळाकडच्या भिंतीतला एक झरोका मीच बुजवला होता. उमेदीची सगळी वर्षं मी तिथे लाल दिव्याखाली काढली. सुईच्या टोकाएवढी फट दिसली तरी काळी पट्टी लावायचो. आता फोटो कॅमेऱ्यातून थेट प्रिंटरमध्ये जातो आणि गिऱ्हाईक मोबाइलवर काढलेलाच बरा होता म्हणतं.

"देऊन टाका," ही म्हणाली. "तिथे तुमच्या एन्लार्जरचा आणि माझ्या रिकाम्या डब्यांचा संसार चाललाय नुसता."

ठिणगी म्हणाली, "बाबा, बंद खोली आहे हेच सोयीचं. उजेड मी ट्यूबलाइटचा देईन. किती द्यायचा, कधी बंद करायचा, सगळं आपल्या हातात. फक्त हवा खेळती पाहिजे. कोंडली तर बुरशी धरते. हवेचं काम तुम्ही घ्याल का? त्या भिंती तुमच्याएवढ्या कोणाला माहीत नाहीत."

मी थोडे आढेवेढे घेतले. फार घेतले नाहीत, नाही तर तिने खरंच दुसऱ्या कोणाला विचारलं असतं.

११ जानेवारी

काळ्या भिंती पांढऱ्या झाल्या. मला बघवलं नाही, म्हणून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. परत येऊन बघतो तर रंग पिवळट. रंगाऱ्याला म्हटलं, "शुभ्र सांगितलं होतं. हा जुन्या वर्तमानपत्राचा रंग आहे." त्याने डबा दाखवला, झाकण दाखवलं, शपथ घेतली. ठिणगी आणि ही दोघी म्हणाल्या, शुभ्रच आहे. बायकांना रंगातलं कळतं असं म्हणतात. मी रंगांवर पोट भरलंय, पण माझं ऐकतो कोण.

१८ जानेवारी

मेव्हणा आला. हिचा धाकटा भाऊ. हॉटेलांच्या स्वयंपाकघरात पत्र्याच्या चिमण्या बसवतो. त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्याच्या मते मोठ्या पंख्याने सुटते. तोंड सतत चालू. हात मात्र सफाईदार.

पद्धत साधी आहे. गरम दमट हवा वर चढते, म्हणून बोळाकडच्या भिंतीत वरच्या बाजूला एक्झॉस्ट पंखा. समोरच्या भिंतीत जमिनीलगत एक झरोका, तिथून ताजी हवा आत. दोन्हींच्या मध्ये रोपांचे रॅक. हवा खालून शिरणार, रोपांमधून फिरणार, वरून बाहेर जाणार.

पंखा बसला. झरोक्याचं भोक पाडलं आणि पॅसेजमधला उजेड त्या खोलीत जमिनीवर पसरला. मी म्हटलं, "झरोका मी करतो. तू हात लावू नकोस."

डार्करूमच्या झरोक्याची एक युक्ती असते. आत फळ्या नागमोडी बसवायच्या. हवा वळणं घेत आत येते. उजेडाला वळता येत नाही, तो पहिल्याच फळीवर आपटतो. मी पाच वळणं केली, फळ्या आतून काळ्या रंगवल्या आणि शेवटी जाड काळं कापड लावलं.

मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, इथे फिल्म नाही धुवायचीय. झाडं आहेत ती, उजेड खातात."

"दिवे बंद झाल्यावर त्यांना अंधारही लागतो," मी म्हटलं. "विचार तुझ्या भाचीला."

ठिणगीने होकार दिला. पण "पाच वळणं लागतील का, बाबा?" असंही म्हणाली. मी त्याकडे लक्ष दिलं नाही.

२५ जानेवारी

रोपं रॅकवर गेली. ट्यूब लागल्या. मी पंखा चालू केला आणि मेव्हण्याने सांगितल्याप्रमाणे झरोक्यासमोर टिशू पेपरची पट्टी धरली. हवा येत असेल तर पट्टी हलते. हलली. म्हणजे हलल्यासारखी दिसली.

दार उघडायला मात्र आता जोर लागतो. आतून कोणीतरी धरून ठेवल्यासारखं वाटतं. इतकी पक्की खोली. मी खूश आहे.

४ फेब्रुवारी

बुरशी आली. पानांवर पिठासारखी पांढरी भुकटी. मी रोज सकाळी बघत होतो, मला ती पानांवरची लवच वाटली. ठिणगीने बोट फिरवून दाखवलं तेव्हा कळलं.

मेव्हण्याला बोलावलं. त्याने दार ओढून बघितलं आणि हसत सुटला. "भाऊजी, पंखा हवा मागतोय आणि तुम्ही त्याचं नाक दाबून धरलंय. झरोक्यातून येत नाही म्हणून तो दाराच्या फटीतून ओढतोय. म्हणून दार चिकटतं."

जे दार चिकटतं म्हणून मी मिरवत होतो, ते या कारणाने. एक अख्खा रॅक फेकावा लागला. ठिणगी एकेक कुंडी पिशवीत भरत होती. ओरडली असती तर बरं वाटलं असतं मला. उजेड आत येऊ द्यायचा नाही हे अंगात इतकं भिनलंय की हवेच्या कामातही मी उजेडाचंच काम करत बसलो.

दुपारी मी स्वतःच झरोका उकलला. काळं कापड काढलं. पाचाची दोन वळणं केली, ती चांगली ऐसपैस. भोकही दुप्पट केलं. आता टिशूची पट्टी फडफडते, तिचा आवाज येतो. दार करंगळीने उघडतं.

१२ फेब्रुवारी

उरलेली रोपं सुधारताहेत. ठिणगी निरोगी पानं देठासकट खुडून मातीत खोचते, त्यांतून नवी पिल्लं फुटतात. हिने त्या कामाला स्वतःची पुडिंगची सगळी वाडगी दिली आणि वर मलाच म्हणाली, "तुम्हाला नाही तरी गोड खायचं नाहीये."

मायलेकी कामं करताना हळू आवाजात बोलत असतात. मी गेलो की माती, खत असे विषय निघतात.

२२ फेब्रुवारी

एक गोष्ट मनातून जात नाही. हवा खेळते, पट्टी फडफडते, पण खोलीत धूसरपणा आहेच. ट्यूबभोवती चक्क वलयं दिसतात, अंघोळीच्या वेळी बाथरूमच्या दिव्याभोवती दिसतात तशी. म्हणजे अजून वाफ आहे. म्हणजे बुरशी परत येणार.

हिला बोलावून दाखवलं. "दिसतंय ना?" ही ट्यूबकडे बघायचं सोडून माझ्याकडेच बघत बसली. मग म्हणाली, "चहा टाकते."

मी रेग्युलेटर एक घर पुढे केला.

१ मार्च

आज पासपोर्ट फोटोचं एक गिऱ्हाईक परत आलं. म्हणे, फोटो अस्पष्ट आहे, ऑफिसने घेतला नाही. मी म्हटलं, तुम्ही हललात. तो म्हणाला, मी श्वाससुद्धा घेतला नव्हता. हल्लीच्या लेन्समध्ये दम राहिला नाही, हेच खरं.

ही आजकाल स्टुडिओत येऊन बसते. "घरात एकटीला कंटाळा येतो," म्हणते. घरात ठिणगी आहे, तिची शंभर रोपं आहेत, कंटाळा कसला? पण बसते, गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगते, आणि मी आत गेलो की एखादा फोटो स्वतःच काढते. मला बरं वाटतं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या धंद्यात गोडी वाटू लागली.

८ मार्च

मेव्हण्याकडून मोठा पंखा मागवला. तो म्हणाला, "भाऊजी, या खोलीला आधीचाच पुरतोय." मोठा पंखा नको म्हणणारा मेव्हणा मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. मी हट्ट धरला. त्याने ठिणगीकडे बघितलं, ठिणगीने मान डोलावली, त्याने बसवून दिला.

धूसरपणा तसाच. थोडा वाढलाय म्हटलं तरी चालेल.

१७ मार्च

कळ्या गळताहेत. वाटाण्याएवढ्या होतात, तपकिरी पडतात, हात लावला की खाली. पानांच्या कडाही कुरकुरीत झाल्यात.

ठिणगी म्हणते हवा कोरडी झालीय. तिने रॅकखाली पाण्याचे ट्रे ठेवले आणि पंखा कमी केला. ती बाहेर गेली की मी वाढवतो. कसा नाही वाढवणार? मला समोर धुकं दिसतंय. एकदा तिचं ऐकलं नाही म्हणून रॅक गेला, हे मान्य. पण तेव्हा मी चुकलो म्हणून आता डोळ्यांना दिसतं तेही खोटं मानायचं का?

२० मार्च

आज तिने पकडलं.

"बाबा, पंख्याचं बटण कोण फिरवतं?"

"मी. दमट आहे खोली."

तिने दमटपणा मोजायचं यंत्र आणलं होतं. ते माझ्या हातात दिलं. आकडे बारीक होते, मी हात लांब केला, जवळ आणला, शेवटी तिनेच वाचले. खोली कोरडी ठणठणीत. मी म्हटलं, यंत्र बिघडलंय.

"तुम्हाला काय दिसतं ते सांगा," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, मला तेच जास्त लागलं. मी सांगितलं. धूसरपणा, ट्यूबभोवतीची वलयं, सगळं.

"आणि रस्त्यावरच्या दिव्यांभोवती?"

"तिथेही. हल्ली सगळीकडचीच हवा बिघडलीय."

मग उरलेल्या सगळ्या कळ्या तिने आपल्याच हाताने खुडल्या. म्हणाली, रोपांना आधी पानं सावरू देत, फुलं नंतर येतील. कळ्यांनी ओंजळ भरली होती. मी बघत उभा राहिलो. ग्रंथपालबाई जूनमध्ये येणार, आणि आमच्याकडे मार्च संपता संपता एकही कळी नाही. माझ्या हवेने लेकीचा उद्योग बुडणार की काय, या विचाराने जेवण गेलं नाही.

२७ मार्च

ठिणगीचं डोकं दुखतंय. चष्म्याचा नंबर बदलला असेल म्हणते. उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचंय, "बाबा, सोबत याल का," म्हणाली. एवढी मोठी झाली, तरी डॉक्टरकडे जाताना बाप लागतो. मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला आहे.

२८ मार्च

तिचं डोकं दुखत नव्हतं.

२९ मार्च

काल पुढे लिहवलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी आधी तिला बसवलं, दोन अक्षरं वाचून घेतली आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर तुम्हीही बसा." मला तेव्हाच संशय यायला हवा होता. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डावा चांगला पिकलेला, उजवा त्याच्या मागोमाग. "धुक्यातून बघितल्यासारखं दिसत असेल," त्या म्हणाल्या. "दिव्याभोवती वलयं. पांढरं पिवळट." माझ्या डायरीतलं वाचून दाखवल्यासारखं बोलत होत्या.

वाटेत मी ठिणगीशी बोललो नाही. घरी येऊन हिला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"पाहुण्यांच्या चहात तुम्ही मीठ घातलंत तेव्हापासून."

"बोलली का नाहीस?"

"बोलले. चार वेळा बोलले. तुम्ही म्हणालात, फोटोग्राफरला डोळे शिकवू नकोस."

म्हणालो होतो.

राग आला, मग लाज वाटली, मग भीती. शस्त्रक्रियेची नाही. धुकं खोलीत कधी नव्हतंच. ते माझ्या डोळ्यांत होतं आणि मी ते पंख्याने बाहेर काढत बसलो होतो. त्यापायी तिच्या कळ्या गेल्या.

संध्याकाळी डार्करूममध्ये जाऊन मोठा पंखा सगळ्यात कमीवर आणला. ठिणगी कुंड्या फिरवत होती. मी म्हटलं, "तुझं फार नुकसान केलं मी." ती म्हणाली, "जून लांब आहे, बाबा. रोपं जिवंत आहेत. ऑपरेशनचा दिवस कधीचा घ्यायचा ते बोला." आईवर गेलीय.

१६ एप्रिल

डावा डोळा झाला. पट्टी निघाली.

रंगारी खरं बोलत होता. भिंती शुभ्र आहेत. भेटला तर चहा पाजीन, मीठ न घालता.

आणि पानं. प्रत्येक पानावर उभी राहिलेली बारीक लव आहे, आणि ती बुरशीसारखी मुळीच दिसत नाही. एक डोळा झाकून बघितलं, मग दुसरा. उजव्या डोळ्याने सगळं चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं. डाव्याने मी तासभर नुसती पानं बघत बसलो.

ही समोर आली तेव्हा मात्र चमकलो. इतक्या सुरकुत्या कधी पडल्या? लगेच आरशात स्वतःला पाहून घेतलं आणि विषय मिटवला.

ठिणगीच्या कानशिलाजवळ पांढरे केस आहेत. डोळ्यांखाली काळी वर्तुळं. जानेवारीपासून ती माझ्यासमोर वावरतेय आणि मला ती कॉलेजातल्या फोटोसारखीच दिसत होती. तिला काय सोसलं असेल तिकडे, हे मी कधी विचारलंही नाही. फोनवर "कशी आहेस" विचारायचो, ती "मजेत" म्हणायची, मी फोन हिच्याकडे द्यायचो.

३ मे

मला आता यंत्रावरचे आकडे वाचता येतात. सकाळ, दुपार, संध्याकाळ बघतो. कोरडं झालं की ट्रेमध्ये पाणी, दमट झालं की पंखा एक घर पुढे. स्वतःच्या मताने काहीही करत नाही. मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, तुम्ही इतके शहाणे झालात की घाबरायला होतं."

पहिली कळी दिसली. सगळ्यात आधी मला दिसली. ठिणगीला हाक मारून दाखवली. ती म्हणाली, "मी परवाच पाहिली होती, म्हटलं तुम्हाला दिसते का बघू."

२९ मे

कळ्याच कळ्या. आता ऊन तापलंय, तरी खोली गार राहते. पॅसेजमधली सावलीतली हवा खालून येते आणि वरून निघून जाते. खालच्या रॅकवर हात धरला की बोटांमधून जाताना कळते. माझ्या दोन वळणांमुळे रात्रीही अंधार पक्का असतो. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. दोनदाच दाखवलं.

७ जून

उजवाही डोळा झाला. आता दोन्ही डोळ्यांनी सारखंच दिसतं. गॉगल लावून फिरतो. ही म्हणते, सिनेमातला खलनायक दिसता.

१९ जून

आज ग्रंथपालबाई यायच्या होत्या आणि सकाळीच पंखा बंद पडला. मार्चमध्ये मी त्याला दिवसरात्र पळवला होता, त्याचे बेअरिंग आज गेले. मेव्हणा दोन तासांच्या अंतरावर एका हॉटेलच्या छतावर. खोली तापायला लागली, फुलं माना टाकायला लागली. ठिणगी दारात नुसती उभी. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा पडलेला पाहिला. या खेपेला तो मला नीट दिसला.

मी म्हटलं, "सगळं स्टुडिओत काढ."

स्टुडिओचं छत उंच आहे, समोरासमोर खिडक्या आहेत, हवा आपोआप फिरते. आम्ही तिघांनी ट्रे बाहेर आणले. पार्श्वभूमीचा पडदा ओढला, टेबलं पायऱ्यांसारखी मांडली आणि वर कुंड्या. मग मी दिवे लावायला घेतले. वरच्या बाजूने एक मऊ दिवा, डावीकडून एक हलका, गरम होणारा एकही नाही. माणसांना जसं बसवतो तसं बसवलं, उंच मागे, बुटके पुढे, लाजाळू कोपऱ्यात. जांभळी, निळी, पांढऱ्या किनारीची गुलाबी. हात आपोआप चालत होते. किती दिवसांनी.

बाई आल्या, दारातच थांबल्या. मग गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसून एकेक कुंडी उचलून पानं उलटी करून बघितली. कसलेल्या आहेत. "वाढवता कुठे?" विचारलं. मी डार्करूम दाखवली. पंखा बंद पडलाय हे सांगून टाकलं. झरोका, फळ्या, काय चुकलं, काय सुधारलं, तेही सांगितलं. कळ्यांचं सांगताना ठिणगी मध्येच म्हणाली, "ती आम्ही दोघांनी मिळून केलेली चूक होती." तसं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "वाचनकक्षाच्या खिडक्या तुम्हीच भरा. पुढच्या महिन्यापासून. बाकीच्या इमारतीचं वर्षअखेरीला बघू."

म्हणजे अर्धं काम.

दुपारी मेव्हणा आला, बेअरिंग बदलले, पंखा सुरू झाला. पण अर्ध्या कामावर कोण पक्की नोकरी सोडेल? रजा पंधरा दिवसांत संपतेय. दोघींपैकी कोणीच तो विषय काढला नाही. मीही नाही.

२० जून

आज बोललो.

सकाळभर मनात जुळवत होतो. तिला अडवायचं नाही, ओझं टाकायचं नाही, शहाण्या बापासारखं "तुझं तू ठरव" म्हणायचं. ती रॅक पुसत होती. मी तोंड उघडलं आणि ठरवलेलं सगळं विसरलो.

"अर्धं काम आहे," मी म्हटलं. "नोकरी तिकडे पक्की आहे. शहाणपणाचं काय ते मला कळतं. पण मला तू इथे हवी आहेस. डोळ्यांसाठी नाही, डोळे आता उत्तम आहेत. तू घरात असलीस की मला बरं वाटतं, म्हणून. जाणार असशील तर जा, मी सामान चढवायला येईन. पण हे न सांगता तुला जाऊ द्यायचं नव्हतं."

ती फडकं हातात धरून उभी राहिली. मग म्हणाली, "बाबा, रजा वगैरे काही नव्हती. नोकरी मी येतानाच सोडली."

मी तिच्या हातातलं फडकं घेऊन रॅकवर ठेवलं.

"नीट चाललं नव्हतं माझं तिकडे. बरेच दिवस. आई तुमच्या डोळ्यांचं फोनवर सांगायची, मग मनात आलं, घरीच जावं. पण सोडून आलेय म्हटलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवशी मला परत बसमध्ये बसवलं असतं. म्हणून रजा म्हटलं. सहा महिन्यांत तुम्ही स्वतः 'राहा' म्हणालात तर राहायचं, असं ठरवून आले होते."

"आणि म्हणालो नसतो तर?"

"जवळपास कुठेतरी खोली बघितली असती. आईने दोन पाहूनही ठेवल्या होत्या."

पंखा चालू होता, खालून हवा येत होती, फुलं जरा जरा हलत होती. माझ्या डोळ्यांपुढे सगळं पुन्हा धूसर झालं आणि या खेपेला कारण विचारायला डॉक्टरची गरज नव्हती.

ही दारात येऊन उभी होती, कधीपासून कोण जाणे. म्हणाली, "अहो, रडू नका. डॉक्टरांनी डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून बजावलंय."

मी म्हटलं, ते नळाच्या पाण्याबद्दल बोलल्या होत्या.